गुरुवारचं कंपाइल

भोसरी एमआयडीसीला गुरुवारी सुट्टी आणि महावितरणची देखभालीची कामं पण गुरुवारीच, हे पुण्यात शेंबड्या पोराला माहिती आहे. तरी त्या वर्कशॉपचे मालक "गुरुवारी या, मशिनी बंद असतात, निवांत काम करा" म्हणाले आणि मी हो म्हणून बसलो.

काम तसं छोटं. जुना सर्व्हर, सेंटओएस ७ (लिनक्सचा एक प्रकार), त्यावर सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशिनींचा डेटा गोळा होतो. नवीन स्क्रिप्टला पायथन ह्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेची ३.११ आवृत्ती पाहिजे आणि तिथे २.७ आणि ३.६. ओएस बदलायची नाही, लायसनची भानगड आहे. २.७ ला हात लावायचा नाही, कारण यम, म्हणजे सॉफ्टवेअर बसवणारं टूल, त्याच्यावर चालतं (नाव बघा ना). त्यात सेंटओएस ७ चा सपोर्ट जून २०२४ ला संपला. म्हणजे सोर्स (मूळ कोड) आणा, स्वतः कंपाइल करा, म्हणजे त्यातून चालणारा प्रोग्रॅम बनवा, आणि शेवटी साधं इन्स्टॉल नाही, ऑल्टइन्स्टॉल, म्हणजे आधीच्या पायथनला धक्का नको. शिवाय पायथन ३.१० पासून ओपनएसएसएल (सुरक्षित कनेक्शनची लायब्ररी) १.१.१ लागतं आणि सेंटओएस ७ मध्ये १.०.२, म्हणून आधी ते कंपाइल करून ऑप्ट फोल्डरमध्ये टाकलं. सकाळ त्यातच गेली.

दुपारी पायथनचं मेक (कंपाइल करणारी कमांड) सुरू केलं, अर्ध्यात पोचलं आणि लाईट गेली. यूपीएस दोनदा ओरडला आणि झोपला.

दोनच्या सुमारास लाईट आली. परत मेक, तर लिंक करताना, म्हणजे तुकडे जोडताना, एरर: फाइल ट्रंकेटेड. हे कळलं लगेच, लाईट जाताना काही ऑब्जेक्ट फाइली (कंपाइल झालेले तुकडे) रिकाम्याच राहिल्या आणि मेक फक्त तारीख बघतं, आत काही आहे का ते बघत नाही. मेक क्लीन करून ते तुकडे पुसले, परत मेक. झालं. वॉर्निंगा धबधब्यासारख्या वाहत होत्या, त्यात क्लॉक स्क्यू पण होतं, पण वॉर्निंगा कोण वाचतो? मग ऑल्टइन्स्टॉल दिलं तर हे बाबा पुन्हा पहिल्यापासून कंपाइल करायला लागले! विचित्र वाटलं, पण म्हटलं करू दे.

मग फोनचं नेट जोडून पिप, म्हणजे पायथनची पॅकेजं आणणारं टूल, चालवलं. सर्टिफिकेट व्हेरिफाय फेल्ड. सकाळपासून डोक्यात ओपनएसएसएलचीच धास्ती, त्यामुळे एररची पुढची ओळ वाचलीच नाही. ओपनएसएसएल पुन्हा कंपाइल केलं, आरपाथ (लायब्ररी शोधायचा रस्ता) बदलला, सर्टिफिकेटचे पाथ दिले, पायथन परत कॉन्फिगर केलं, तीन-साडेतीन तास हेच, आणि एरर तीच.

सहा वाजून गेल्यावर वॉचमन मामा रजिस्टर घेऊन आले. "साहेब, माझी ड्युटी संपली, तुमचा आउट टाइम टाकून जातो. किती वाजले?" फोन केबलला लटकत टेबलाखाली, म्हणून समोर टर्मिनलवर डेट टाइप केलं आणि न बघता वाचलं, "साडेनऊ."

मामांनी लिहिलं पण. मग माझी नजर पुढे गेली. शुक्रवार, १ जानेवारी २०१०.

मदरबोर्डचा सेल मेलेला! सर्व्हर कधी बंदच होत नाही त्यामुळे कोणाला पत्ता नाही, आणि एरवी नेट नसल्यामुळे वेळ आपोआप दुरुस्त व्हायचाही प्रश्न नाही. लाईट गेली आणि घड्याळ २०१० ला. सोर्स फाइली त्यानंतरच्या, नवीन ऑब्जेक्ट फाइली २०१० च्या, म्हणून मेकला वाटायचं सगळंच शिळं आहे, परत करा. आणि एररची पुढची ओळ काय होती तर सर्टिफिकेट इज नॉट येट व्हॅलिड. बरोबरच बोलत होतं बिचारं, २०१० मध्ये ते सर्टिफिकेट जन्मालाच आलेलं नव्हतं.

तारीख बदलली, हार्डवेअर क्लॉकला लिहिली, क्लीन, मेक, ऑल्टइन्स्टॉल. ह्यावेळी गुपचूप फक्त कॉपी केलं. पिप पहिल्या झटक्यात. सेल सीआर २०३२, पुढच्या आठवड्यात टाकतो, तोपर्यंत बंद करू नका असं मालकांना फोनवर सांगितलं.

मामा अजून दारातच, रजिस्टरकडे बघत. "साहेब, तुम्ही आत आलात दहाला आणि बाहेर गेलात साडेनऊला, हे काय खोडू?"