चिठ्ठीत न लिहिलेला डोस

गर्भारपणाच्या २९व्या आठवड्यात माझा रक्तदाब १७०/११४ निघाला. दोन दिवस डोके ठणकत होते, डोळ्यांपुढे काजवे चमकत होते, आणि उन्हाचा त्रास समजून मी ते अंगावर काढले होते. कुणा गर्भवतीला असे होत असेल तर तिने त्याच दिवशी रक्तदाब मोजून घ्यावा. तालुक्याच्या दवाखान्यात गर्भारपणातल्या अशा वाढलेल्या रक्तदाबाने (प्रीएक्लॅम्पसियाने) झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेट आणि बाळाच्या फुफ्फुसांसाठी स्टेरॉइड देऊन मला १०८च्या रुग्णवाहिकेने शहरात पाठवले. येथपर्यंत सगळे वेळेत झाले.

अडले ते शहरातल्या डॉक्टरांसाठी सोबत दिलेल्या चिठ्ठीपाशी. ‘मॅग्नेशियम व स्टेरॉइड दिले’ एवढेच तिच्यावर होते; किती दिले, केव्हा दिले, याचा उल्लेखच नव्हता. मॅग्नेशियमचा पुढचा डोस चार तासांनी द्यायचा असतो आणि ते रक्तात जास्त झाले तर श्वास मंदावतो, त्यामुळे ड्युटीवरच्या डॉक्टरांना अंदाजाने काहीच देता येईना. दवाखान्याचा फोन नुसता वाजत राहिला. दीड तास मी स्ट्रेचरवर पडून होते; थोड्या थोड्या वेळाने मॅग्नेशियम जास्त तर झाले नाही ना, यासाठी गुडघ्यावर हातोडी मारून पाय उडतो का ते पाहिले जात होते, ते लघवीवाटे बाहेर पडते म्हणून पिशवीतील लघवी मोजली जात होती, आणि ते चार तास एव्हाना उलटले तर नसतील ना, या धास्तीने माझा जीव टांगणीला लागला होता. शेवटी पतीच्या खिशात औषधाच्या दुकानाचे बिल सापडले: मॅग्नेशियमचे एकेक ग्रॅमचे १४ अँप्यूल, बीटामेथासोन या स्टेरॉइडचे चार मिलिग्रॅमचे तीन, वेळ सकाळी १०.४२. शिरेतून सावकाश एक, दोन्ही कुल्ल्यांवर एकेक आणि दंडावर एक, अशी चार इंजेक्शने मला आठवत होती. शिरेतून चार ग्रॅम, कुल्ल्यांवर पाच-पाच ग्रॅम आणि दंडावर स्टेरॉइडचे तिन्ही अँप्यूल, असा तो हिशेब बिलाशी जुळला, तेव्हा कुठे पुढचा डोस आणि २४ तासांनंतरच्या दुसऱ्या स्टेरॉइडची वेळ ठरली. अर्ध्या मिनिटात लिहून होणाऱ्या दोन आकड्यांसाठी दीड तास गेला, याचा राग मला आजही आहे. गाडीत बसण्यापूर्वी चिठ्ठी वाचावी, औषध, मात्रा आणि वेळ लिहून घ्यावी आणि बिल फेकू नये.

पुढे रक्तदाब कमी करणाऱ्या लॅबेटालॉलच्या गोळ्यांवर बाळाला पोटात आणखी आठ दिवस मिळाले. मग प्लेटलेट घसरून ९२,०००वर आल्या आणि त्याच दुपारी सिझेरियन झाले. १,०५० ग्रॅमची आमची मुलगी ३८ दिवस नवजात अतिदक्षता विभागात राहून घरी आली. एक सांगायचे राहिले: झटके बाळंतपणानंतरही येऊ शकतात, म्हणून मॅग्नेशियम त्यानंतर २४ तास चालू होते आणि रक्तदाब मी घरीही कित्येक आठवडे मोजत होते.

पुढच्या खेपेस हा त्रास पुन्हा होऊ नये म्हणून बाराव्या आठवड्यापासून कमी मात्रेची ॲस्पिरिन सुरू करावी, असे डॉक्टरांनी मला लिहून दिले आहे. तो कागद मी तेथेच वाचला आणि गोळीची मात्रा घातलेली नव्हती, ती त्यांच्याकडून लिहून घेतल्यावरच उठले.