लालबावट्याचा माणूस

आमच्याकडे सालगडी, म्हणजे वर्षाच्या कराराचा शेतगडी, पाडव्याला ठरतो. पैसे किती, ज्वारी किती, उचल किती, सगळं एका बैठकीत. गडी जरा अडून बसला की ओट्यावरून हमखास आवाज येतो, "काऊन बे, लालबावट्यात गेला का?" लाल बावटा म्हणजे कामगार-कम्युनिस्टांचा लाल झेंडा, आणि बिचाऱ्यानं उभ्या जन्मात मोर्चा पाहिलेला नसतो. दोन पायल्या जास्त मागितल्या, एवढाच त्याचा गुन्हा. कामाला जुंपताना बैल खाली बसला तरी त्यालाही हीच पदवी मिळते.

तसा खरा लाल बावटा विदर्भाला नवा नाही. आयटक या कामगार संघटनेचं 1929 सालचं अधिवेशन नागपुरात झालं, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. तिथंच संघटना फुटली, तो भाग वेगळा. 1957 साली कम्युनिस्ट नेते ए. बी. बर्धन नागपुरातून आमदार झाले. 1989 मध्ये अमरावतीनं कम्युनिस्ट पक्षाच्या सुदाम देशमुखांना लोकसभेत पाठवलं. पण गावात लालबावटेवाला कोण, हे पक्षाची पावती पाहून कुणी ठरवत नाही. हिशेब मागितला की झालात तुम्ही लालबावट्याचे. म्हणणाऱ्याच्या आवाजात थोडी चेष्टा असते, आणि मला वाटतं, थोडी धास्तीही.

एक मेची आमच्याकडे वेगळीच गंमत. त्या दिवशी महाराष्ट्र दिनाचं झेंडावंदन होतं, शाळेचा निकाल लागतो. कामगार दिन म्हणावं तर भंडारा-गोंदियाकडचे मजूर झुंजूमुंजू व्हायच्या आत जंगलात गेलेले असतात. तेंदूपानाचा, म्हणजे विडीच्या पानाचा, हंगाम ऐन भरात, वाघाची भीती वेगळी. दुपारी घरी पुडके बांधायचे, मग फडावर, म्हणजे पानं गोळा करण्याच्या ठिकाणी, नेऊन मोजून द्यायचे. तिथल्या फडमुन्शीनं, म्हणजे हिशेबनिसानं, पुडके कमी मोजले आणि एखादी बाई तिथंच ठाण मांडून बसली, की तीसुद्धा लालबावट्याची.

अलीकडे हे बिरूद बायांकडेच जास्त गेलंय. अंगणवाडी सेविकेला सरकार पगार नाही, मानधन देतं. मान कोणता आणि धन कोणतं, हे ज्यानं त्यानं शोधावं. 2023 च्या डिसेंबरात राज्यभर त्यांचा संप झाला, तेव्हा गावोगावच्या ताया मोर्चाला गेल्या. आमच्या शेजारची सूनही त्यातलीच. तिची सासू आधी धुसफुसत होती. परवा कुणीतरी सुनेची चौकशी केली, तर म्हातारी अंगणातूनच ठसक्यात बोलली, "आमची लालबावटेवाली तालुक्याले गेली. साहेबाले भेटाचं हाय तिले."