चार तारांची पेटी

एस्केप रूमसाठी (कोडी सोडवत खोलीतून बाहेर पडण्याचा खेळ) मी बनवत असलेली विजेची पेटी आज अखेर नीट उघडली. खेळाडूंनी चार तारा योग्य खाचांत जोडल्या की आतल्या आर्डुइनोने (प्रोग्राम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड) रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, चालवावा आणि १२ व्होल्टचे चुंबकीय कुलूप सुटावे, एवढीच तिची रचना आहे. पण कुलूप सुटताक्षणी आर्डुइनो रीसेट होत होता आणि मी दुपारपर्यंत प्रोग्राममधली चूक शोधत बसलो होतो. दोष तिथे नव्हताच. कुलपाच्या कॉइलमधला, म्हणजे तारेच्या वेटोळ्यातला, प्रवाह तुटला की तिच्यात साठलेली चुंबकीय ऊर्जा उलट दिशेने, १२ व्होल्टच्या कितीतरी पट मोठा झटका देते, आणि तो जिरवणारा डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) मी लावलाच नव्हता. कॉइलला समांतर १एन४००७ डायोड जोडला (कॅथोड, म्हणजे त्याचे पट्टा असलेले टोक, धन बाजूला, हे दोनदा तपासून), आणि त्यानंतर पेटी सलग ३० वेळा बिनचूक उघडली.

वीज गेल्यास आपोआप सुटणारे कुलूप मी मुद्दाम निवडले आहे. खेळाडू घाईत असतात, हाताला येईल ते ओढतात. म्हणून त्यांच्या बोटांपर्यंत फक्त ५ व्होल्ट पोहोचतात आणि मुख्य विजेचा ॲडॉप्टर पेटीबाहेर, बंद कपाटात राहतो. खाचांमागचे सोल्डरचे जोड ओढाताणीत निसटू नयेत, यासाठी तारा आतून पकडीत आवळायचे काम उद्या करणार आहे.