सायलेन्सर घ्यायचाय? आधी 70 मैलांच्या वेगाला ऐका

डेट्रॉइट शहराच्या खाली 1100 फुटांपेक्षा खोल मिठाची खाण आहे. गेल्या शतकाच्या सुरुवातीपासूनची, अजून चालू. हिवाळ्यात इथे रस्त्यांवर टनावारी मीठ पडतं, बर्फ वितळतो आणि ते खारं पाणी एप्रिलपर्यंत गाड्यांच्या पोटाला लागत राहतं. माझ्या 2016च्या सिल्व्हराडोला, म्हणजे शेवरलेच्या पिकअप ट्रकला, वरून बघाल तर अजून छान दिसते. खालून मात्र मफलरच्या, म्हणजे सायलेन्सरच्या डब्याच्या, मागचा पाइप वेल्डिंगपाशी फाटला, आणि सकाळी गाडी काढली की गल्लीतली कुत्री भुंकायला लागली.

ही ट्रक माझी. नवऱ्याची इलेक्ट्रिक आहे, तिला सायलेन्सरच नाही, त्यामुळे या विषयावर त्याला फार मतं आहेत. “अगं, हा व्हिडिओ तरी बघ, काय आवाज आहे!” म्हणून आठवडाभर मला लिंका येत होत्या. सगळ्या व्हिडिओंत एकच प्रकार: गाडी उभी, मागे मोबाइल धरलेला, कोणीतरी अ‍ॅक्सिलरेटर दाबतंय. उभ्या गाडीच्या मागे उकिडवं बसून मी कधी शिकागोला गेलेली नाही. मी आत बसते, काचा बंद करते आणि चार-पाच तास एकाच वेगाने जाते. त्या वेळी कानाला काय लागणार, ते व्हिडिओत कळत नाही. आणि सायलेन्सर निवडताना तेच बघायचं असतं.

माझं पोटापाण्याचं काम गाडीतल्या आवाजांचंच आहे, फक्त माझ्या वाट्याला सीटची कुरकुर येते. पण गणित सगळीकडे तेच. आठ सिलिंडरच्या चार-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या एका फेऱ्यात चार धमाके होतात. हायवेवर इंजिन 1800 आरपीएमला असेल तर सेकंदाला 30 फेरे, म्हणजे 120 धमाके. 120 हर्ट्‌झ. हा खालच्या पट्टीतला सूर पत्र्यातून, काचेतून, सीटमधून आरामात आत येतो आणि बंद केबिनमध्ये घुमतो. इथली मंडळी त्याला ड्रोन म्हणतात. पहिल्या दहा मिनिटांत मजा वाटते, तासाभराने डोकं धरतं.

माझ्या 5.3 लिटरच्या व्ही-8मध्ये, म्हणजे आठ सिलिंडरच्या इंजिनात, आणखी एक भानगड आहे. पेट्रोल वाचवायला कंपनीने सोय केली आहे की भार कमी असला की चार सिलिंडर झोपतात. डॅशबोर्डवर व्ही-8चं व्ही-4 झालेलं दिसतं. तेव्हा धमाके निम्मे, म्हणजे तोच वेग, तोच आरपीएम, पण सूर 60 हर्ट्‌झचा. ओरिजिनल सायलेन्सरच्या पाइपात या वेळच्या घुमण्यासाठी स्प्रिंगची एक झडप बसवलेली असते. बाहेरचा सेट घातला की झडप गेली, आणि तिने दाबून ठेवलेला आवाज मोकळा झाला. जाहिरातीत ‘5.3 व्ही-8साठी’ एवढंच लिहिलेलं असतं. सिलिंडर बंद पडतात तेव्हा काय होतं, हे विक्रेत्याला विचारायचं. उत्तर द्यायला तो जितका वेळ घेईल तितकी शंका धरायची.

मी ऐकायला गेले आमच्या ढोलपथकातल्या एकाच्या ट्रकमध्ये. इंजिन माझंच, मफलर मात्र फ्लोमास्टर कंपनीच्या पद्धतीचा, आत कप्पे असलेला. कप्प्यांच्या भिंतींवर आवाज आपटून परततो आणि आपापसांत थोडा मरतो. सुरू करताना जो गुरगुराट होतो, त्यासाठीच लोक तो घेतात. आय-94 हायवेवर चढलो, रेडिओ बंद करायला लावला, क्रूझ कंट्रोल 70वर लावला. मोबाइलवरच्या आवाज मोजायच्या अ‍ॅपमध्ये 120च्या जवळ एक सुळका उभा होता. पुढे सपाट रस्ता आला, डॅशबोर्डवर व्ही-4 उमटलं, तो सुळका बसला आणि 60पाशी दुसरा उठला. त्याच क्षणी कप ठेवायच्या खाचेतला चहाचा मग थरथरायला लागला. मालक म्हणाला, “सवय होते गं.” मागे बसलेली त्याची बायको खिडकीबाहेर बघत होती.

दुसरा प्रकार सरळ आरपार जाणारा. मध्ये भोकं पाडलेली नळी, तिच्याभोवती काचलोकर किंवा स्टीलची लोकर, बाहेरून डबा. मॅग्नाफ्लो, बोर्ला या कंपन्यांचे बहुतेक याच वळणाचे. यात वरच्या पट्टीतला आवाज छान शोषला जातो, पण खालच्या सुरापुढे लोकर फारसं काही करू शकत नाही; तिथे डब्याची लांबी-रुंदीच कामाला येते. म्हणून आरपारवाला घ्यायचा तर बसेल तेवढा मोठा डबा घ्यावा, शिवाय पुढे किंवा मागे एक रेझोनेटर, म्हणजे घुमणारा सूर दाबणारा आणखी एक छोटा डबा. ‘रेझोनेटर काढून टाका, आवाज खुलतो’ असं सांगणारे लोक बहुधा ऑफिसपासून दोन मैलांवर राहतात.

तिसरी युक्ती मला कारागिरी म्हणून फार आवडली. मुख्य पाइपाला बाजूने एक नळी जोडायची, तिचं दुसरं टोक बंद. आवाज आत जातो, बंद टोकावर आपटून परत येतो आणि लांबी बरोबर असेल तर नेमका उलटा होऊन मूळ आवाजाला मारतो. कॉर्सावाले याच तत्त्वावर मफलर करतात. नळीची लांबी त्या आवाजाच्या लाटेच्या पाव हिश्श्याएवढी लागते. 120 हर्ट्‌झसाठी थंड हवेत सुमारे 70 सेंटिमीटर, आणि तापलेल्या गॅसमध्ये आवाज जास्त वेगाने जातो म्हणून प्रत्यक्षात त्याहून लांब. 60साठी याच्या दुप्पट. गंमत अशी की 60ची नळी 60 मारते, 180 मारते, पण 120ला हात लावत नाही. व्ही-8 आणि व्ही-4 दोन्ही एका साध्या नळीत बसत नाहीत.

ताकदीबद्दल नवऱ्याचा फार आग्रह होता, तो एका वाक्यात संपवते: धूर स्वच्छ करणाऱ्या कन्व्हर्टरच्या मागचा सेट बदलून साध्या इंजिनाला मिळालेच तर थोडे हॉर्सपॉवर मिळतात, आणि ते ढोल भरलेल्या गाडीत कोणालाही जाणवत नाहीत. कन्व्हर्टरला हात लावायचा प्रश्नच नव्हता. तो काढायला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. मिशिगनमध्ये गाड्यांची धूरतपासणी होत नाही म्हणून काही जण काढतात आणि मग सिग्नलला त्यांच्या मागे उभं राहणाऱ्याचे डोळे चुरचुरतात.

आता धातू. इथे मी अजिबात तडजोड केली नाही. स्वस्त सेट येतात अ‍ॅल्युमिनाइज्ड स्टीलचे, साध्या पत्र्यावर अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा. अ‍ॅरिझोनात बिनधास्त घ्या. इथे मुलामा वेल्डिंगपाशी जळतो आणि मीठ तिथूनच आत शिरतं. त्याच्या वरची जात 409 स्टेनलेस, सुमारे 11 टक्के क्रोमियम. वरून तांबूस गंजतं पण बरंच टिकतं. कंपन्या कारखान्यातून साधारण या जातीचंच घालतात. त्याच्याही वरची 304, म्हणजे 18 टक्के क्रोमियम, 8 टक्के निकेल. आईने दिलेल्या डब्यांच्या बुडाशी 18/8 असा शिक्का आहे, ते हेच. लोहचुंबक 409ला घट्ट चिकटतं, 304ला चिकटत नाही. फ्रिजवरचा गणपती घेऊन दुकानात गेले. सरळ पाइपावर बाप्पा घसरून खाली, वाकणावर किंचित ओढ. दुकानदार गडबडला, पण ते ठीक असतं: वाकवताना 304 थोडंसं चुंबकीय होतं.

वाकणं मात्र हाताने चाचपून बघा. नळीत आतून आधार देऊन वाकवलेलं असेल तर गोलाई शेवटपर्यंत तशीच राहते. नाक्यावरच्या मशीनवर नुसतं दाबून वाकवलं तर आतली बाजू चुरगळते आणि वाट अरुंद होते. 3 इंची पाइप घेऊन वाकणावर अडीच इंच उरणार असेल तर पैसे कशाचे दिले?

मापात लोक गंडतात ते केबिन आणि मागच्या हौद्याच्या जोडीत. माझी चार दारांची मोठी केबिन आणि आखूड हौदा, चाकांमधलं अंतर 143.5 इंच. तीच केबिन आणि मोठा हौदा असेल तर 153. मधला पाइप तेवढा कमीजास्त लागतो. मॉडेलचं वर्ष जुळलं म्हणून मागवू नका, टेप घेऊन गाडीखाली जा.

धूर कुठे सोडायचा यावर घरी खरं भांडण झालं. नवऱ्याला मागे दोन बाजूंनी दोन काळी तोंडं हवी होती. एका पाइपाचे मागे दोन केले की वजन वाढतं, स्टेपनीच्या शेजारून वाट काढावी लागते आणि ट्रेलरच्या वायरिंगजवळ उष्णता जाते. मी ओरिजिनलसारखंच ठेवलं, उजव्या मागच्या चाकाच्या पलीकडे एकच तोंड. हौद्याखालीच पाइप कापून सोडायचा सल्ला एका दुकानात मिळाला होता, ‘स्वस्तात होईल’ म्हणून. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि जुन्या ट्रकच्या तळाला कुठे भोक पडलंय ते आपल्याला माहीत नसतं. तिथून मी सरळ उठले.

शेवटी घेतला तो 304चा, आरपार मोठ्या डब्याचा, रेझोनेटरसकट, एक तोंडाचा. हजार डॉलरच्या वर गेला. बसवायला गावातल्या म्हाताऱ्या मफलरवाल्याकडे दिला, कारण गंजलेले बोल्ट मी माझ्या ड्राइव्हवेवर सोडवणार नव्हते. त्याने आदल्या रात्री सगळ्या बोल्टांवर गंज सोडवायचं तेल मारून ठेवलं, तरी दोन बोल्ट गॅसने तापवून तोडावे लागले. पाइप लटकवायच्या रबरी हँगरांना साबणाचं पाणी लावून ते दांड्यांवर सरकवले. मग सगळा सेट सैल लटकवून तो खाली आडवा पडला आणि बराच वेळ नुसता बघत राहिला: स्टेपनीपासून किती बोटं, अ‍ॅक्सल वर उचलला तर कुठे लागेल. त्यानंतरच पुढून मागे एकेक क्लॅम्प आवळत गेला. हे आधी आवळलं की पाइप ताणात बसतो आणि खड्ड्याखड्ड्याला ठोकत राहतो.

पहिल्या दिवशी तेल जळाल्याचा वास आणि थोडा धूर येतो, घाबरू नका. 70ला आता व्ही-8वर जवळजवळ काही ऐकू येत नाही. व्ही-4वर एक बारीक गुणगुण आहे, चढ आला की जाते. सुरू करताना आवाज पूर्वीपेक्षा भारदस्त आहे, तेवढ्यावर नवऱ्याने समाधान मानलंय. थोडी चालवून झाली की क्लॅम्प पुन्हा आवळून घ्यायला बोलावलंय. तोवर पथकाचे ढोल दुसऱ्या कोणाच्या तरी गाडीतून जाऊ देत.