बजेटमधला गेमिंग पीसी जुळवताना घोडं अडलं ते बायोसपाशी : माझा अनुभव

"मॅडम, फॅन फिरतोय ना? मग बोर्ड चालू आहे." हे वाक्य मी विक्रेत्याच्या सपोर्टकडून इतक्यांदा ऐकलंय की आजही आठवलं तरी डोकं तापतं. पंखा फिरत होता, दिवे लागत होते आणि स्क्रीनवर काही म्हणजे काही येत नव्हतं. कारण होतं मदरबोर्डवरचा जुना बायोस, म्हणजे मशीन जागं करणारं बोर्डवरचं सॉफ्टवेअर. कमी पैशांत गेमिंग पीसी जुळवणाऱ्या कुणावरही ही वेळ येऊ शकते, म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी निवडीबद्दल. ती सोपी गेली, कारण मी सुरुवात ग्राफिक्स कार्डपासून केली. १०८०पी रिझोल्यूशनवर खेळायचं हे ठरलेलं होतं. गेमिंगच्या मशीनमध्ये सगळ्यात मोठा वाटा ग्राफिक्स कार्डलाच द्यायचा आणि उरलेल्यात बाकीचं बसवायचं, हे माझं ठाम मत. मी आरएक्स ६६०० घेतलं. ८ जीबी मेमरी, १३२ वॉट, ८ पिनची एकच केबल. स्वस्तात आरएक्स ६५०० एक्सटी घ्या असं मला बऱ्याच जणांनी सुचवलं होतं. जुन्या बोर्डवर ते अजिबात घेऊ नका. त्याला पीसीआयईच्या, म्हणजे कार्ड आणि बोर्ड यांना जोडणाऱ्या मार्गाच्या, चारच लेन आहेत आणि मेमरी ४ जीबी. बोर्ड पीसीआयई ३.० वाला असेल तर ते कार्ड सपाटून मार खातं. ६६०० ला आठ लेन असल्यामुळे तिथे फरक फारसा जाणवत नाही.

प्रोसेसर रायझन ५ ५६००. सहा कोर, बारा थ्रेड, ६५ वॉट आणि कूलर डब्यातच मिळतो. रॅम ८ जीबीच्या दोन काड्या, कारण १६ ची एकच काडी लावली तर ड्युअल चॅनल, म्हणजे दोन काड्या एकाच वेळी वापरण्याचा फायदा, मिळत नाही आणि गेममध्ये ते लगेच कळतं. मदरबोर्डवर पैसे वाचवायचे म्हणून बी४५० चिपसेटचा घेतला. आणि माशी शिंकली ती इथेच.

बोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा म्हणजे सॉकेट. एएम४ सॉकेट असला की कुठलाही रायझन बसतो, असा समज सगळीकडे आहे. बसतो, पण चालेलच असं नाही. बी४५० बोर्ड आले २०१८ मध्ये. रायझन ५००० मालिका आली २०२० च्या नोव्हेंबरात आणि माझा ५६०० तर २०२२ च्या एप्रिलमध्ये. प्रोसेसर जागा कसा करायचा याच्या सूचना बोर्डवरच्या बायोस चिपमध्ये असतात, आणि चार वर्षांपूर्वीच्या बायोसला हा प्रोसेसर कोण हेच ठाऊक नसतं. रायझन बनवणाऱ्या एएमडीनेही आधी जुन्या बोर्डवर ही मालिका चालणार नाही असं सांगितलं होतं. लोकांनी आरडाओरडा केल्यावर मे २०२० मध्ये निर्णय फिरवला. म्हणजे बी४५० वर ५६०० चालतो, फक्त बायोस नवा हवा. हे सगळं मी आधी वाचलेलं होतं. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर प्रोसेसरची यादी असते, त्यात प्रत्येकासमोर 'अमुक आवृत्तीपासून' असं लिहिलेलं असतं. ती आवृत्ती टिपून घेऊन मी विक्रेत्याला लेखी विचारलं, तुमच्याकडच्या बोर्डवर कुठला बायोस आहे? उत्तर आलं, "लेटेस्ट आहे, सगळे रायझन सपोर्ट करतो." त्या भरवशावर पैसे भरले.

बोर्ड आला. बायोस चिपवर नखाएवढं पांढरं लेबल असतं, त्यावर आवृत्ती छापलेली असते. माझ्या बोर्डवरची आवृत्ती मला हवी होती त्याच्या कितीतरी मागची. तरीही विक्रेत्याने स्वतः अपडेट करून लेबल तसंच ठेवलं असेल, या आशेने सगळं जोडलं. बटण दाबलं. पंखे फिरले, आणि बोर्डच्या कडेला चार बारीक दिवे असतात, सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स कार्ड), बूट, त्यातला सीपीयूचा दिवा लाल होऊन तसाच राहिला. रॅमची एकेक काडी लावून पाहिली, बोर्डवरचा सेल काढून सीमॉस रीसेट केलं, म्हणजे बायोसच्या सेटिंग मूळपदावर आणल्या. दिवा हलला नाही.

इथून सुरू झाली टोलवाटोलवी. विक्रेत्याच्या तक्रार फॉर्ममध्ये कारण निवडायला तीनच पर्याय होते: चुकीची वस्तू, तुटलेली वस्तू, चालू होत नाही. 'जुना बायोस' कुठे बसवायचा? मी 'चालू होत नाही' निवडलं. त्यांनी व्हिडिओ मागितला. पाठवला. त्यात पंखा फिरताना दिसला म्हणून तक्रार नामंजूर. पुन्हा केली, लाल दिव्याचा जवळून फोटो आणि लेबलचा फोटो जोडला. आता उत्तर, "सीपीयूचा दिवा आहे म्हणजे प्रोसेसर खराब आहे, प्रोसेसरच्या कंपनीशी बोला." म्हणजे आधी बोर्ड ठणठणीत होता म्हणून तक्रार बाद आणि आता प्रोसेसर मेला म्हणून बाद. मी त्यांचाच 'लेटेस्ट आहे' हा लेखी निरोप त्यांना परत पाठवला. त्यावर, "बायोस अपडेट ग्राहकाने करायचा असतो." कसा करायचा? मशीनवर स्क्रीन आली तर त्यातून अपडेट होणार, आणि अपडेट झाल्याशिवाय स्क्रीन येणार नाही. हे मी फोनवर शांतपणे समजावलं. पलीकडून शांतता, मग "मॅडम, तुम्ही बोर्डच्या कंपनीला मेल करा." कंपनीने लिहिलं, खरेदी जिथून केली तिथे जा.

मला सगळ्यात राग कशाचा आला असेल तर या वृत्तीचा. महागातला बोर्ड घेणाऱ्याला हा प्रश्न येतच नाही, कारण त्यावर बहुधा बायोस फ्लॅशबॅकची, म्हणजे प्रोसेसरशिवाय बायोस बदलण्याची सोय असते. पै पै जोडून, चार महिने यादी खाली-वर करून बनवणाराच इथे अडकतो, आणि त्यालाच सांगितलं जातं की हे तुमचं तुम्ही बघा. बायोस अपडेट करून पाठवणं हे विक्रेत्याच्या टेबलावर काही मिनिटांचं काम आहे.

शेवटी सुटका केली भावाच्या मित्राने. त्याच्याकडे जुना रायझन ५ २६०० होता, जो बी४५० ला पहिल्या दिवसापासून ओळखीचा. तो म्हणाला, "ताई, बोर्ड द्या, मी आणतो चालू करून." मी म्हटलं, माझ्यासमोर करायचं.

त्याच्या मशीनमधून प्रोसेसर काढताना त्याने जे केलं ते नीट लक्षात ठेवा. आधी त्याने पीसीवर थोडा वेळ गेम चालवून प्रोसेसर गरम केला, म्हणजे प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट सैल होते. मग बंद करून, वायर काढून, कूलरचे स्क्रू सोडवले आणि कूलर वर न ओढता डावी-उजवीकडे हळूच फिरवत राहिला. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात. कूलर सरळ उपटला तर प्रोसेसर त्याला चिकटून लॉकमधून तसाच बाहेर येतो आणि पिना वाकतात. माझा डोळा २६०० पेक्षा त्याच्या हाताकडेच होता. कूलर एकदा काढला की डब्यातून लावून आलेली पेस्ट गेली समजा, नवी ट्यूब आधीच आणून ठेवा.

२६०० बसवला, आणि पहिल्या झटक्यात स्क्रीनवर कंपनीचा लोगो आला. मी अक्षरशः ओरडले. बोर्ड मेलेला नव्हता, माझा अंदाज पहिल्यापासून बरोबर होता. मग एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेला पेनड्राइव्ह, कंपनीच्या साइटवरून उतरवलेली फाइल, बायोसमधलंच अपडेटचं साधन. फाइल उतरवताना तिच्याखालची बारीक टीप वाचा. काही बोर्डवर खूप जुन्या बायोसवरून थेट नव्यावर उडी मारता येत नाही, मधली आवृत्ती आधी टाकावी लागते. अपडेट चालू असताना वीज जाता कामा नये. पट्टी शंभर टक्क्यांवर गेली, मशीन आपोआप बंद-चालू झालं. मग २६०० काढून ५६०० बसवला आणि लाल दिवा लागून क्षणात विझला.

विक्रेत्याला मी तो व्हिडिओही पाठवला. त्यांनी माझी तक्रार 'ग्राहकाने सोडवली' म्हणून बंद केली.

त्यामुळे बोर्ड घेताना दोनच गोष्टी बघा. फ्लॅशबॅकची सोय असेल तर थोडे पैसे जास्त द्या. तिला कुणी क्यू-फ्लॅश प्लस म्हणतं, कुणी फ्लॅश बायोस बटण. त्यात प्रोसेसर नसतानाही नुसत्या पॉवर सप्लायवर आणि पेनड्राइव्हवर बायोस चढतो. ती नसेल तर 'लेटेस्ट' हे उत्तर चालवून घेऊ नका, आवृत्तीचा आकडा आणि लेबलचा फोटो मागा. ५६०० ला स्वतःचे ग्राफिक्स नाहीत, त्यामुळे मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डलाच लावायची, बोर्डच्या मागच्या एचडीएमआयला नाही. तिथे लावून 'डिस्प्ले येत नाही' म्हणून बोर्ड परत करणारेही पाहिलेत.

पॉवर सप्लायवर मात्र वाचवू नका, हे वर सांगायचं राहिलं. ८० प्लसचा शिक्का वीज किती वाया जाते तेवढंच सांगतो, आतला माल कसा आहे ते नाही. मी ५५० वॉटचा, चांगल्या परीक्षणांचा घेतला. या जोडीला तो भरपूर होतो. आणि मॉड्युलर, म्हणजे सुट्या निघणाऱ्या केबलच्या सप्लायच्या केबल दुसऱ्या कंपनीच्या सप्लायला कधीही लावू नका, पिनांचा क्रम वेगळा असू शकतो, डिस्क जळू शकते.

सगळं चालू झाल्यावर बायोसमध्ये एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या छापील वेगाने चालवणारी सेटिंग, चालू करा, नाहीतर ३२०० ची रॅम २४०० किंवा २६६६ वरच रेंगाळते. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा वेग दिसतो, तिथे खात्री करा. काड्या दोन असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. आणि मॉनिटर १४४ हर्ट्झचा असला तरी विंडोज तो बऱ्याचदा ६० वरच चालवतं, डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये जाऊन तेवढं हाताने बदला.