ऑपरेशन पाठीचं, अडलं डोळ्यावर

आबांच्या मणक्याच्या ऑपरेशनआधी रक्त, ईसीजी, एक्सरे एका सकाळी उरकलं. मग भूल देणाऱ्या मॅडमनी काचबिंदूबद्दल विचारलं. "अँगल ओपन की क्लोज्ड? प्रेशर किती?" मला काय ठाऊक! (अँगल म्हणजे डोळ्यातलं पाणी जिथून निचरतं तो कोपरा, हे नंतर कळलं.) रोज थेंब घालतो एवढंच माहीत. "डोळ्यांच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणा."

गेलो. काउंटरवरच्या बाईंनी आबांना आत न पाठवताच छापील कागदावर शिक्का मारून दिला, 'शस्त्रक्रियेस हरकत नाही'. मीही खुशीत परतलो. मॅडमनी कागद तसाच माझ्या हातात दिला. "यात आकडा कुठंय?" दुसऱ्या दिवशी डोळ्यांचे डॉक्टर बाहेरगावी. तिसऱ्या दिवशी अडीच तास बाकावर. आबा पाठीमुळे धड बसू शकेनात, म्हणून बराच वेळ भिंतीला टेकून उभेच. तपासणी मात्र पाच मिनिटांची. डोळ्यातलं प्रेशर उजव्यात १७, डाव्यात १९, अँगल ओपन. थेंबांची नावं आणि वेळाही लिहा म्हणून मीच मागे लागलो.

एवढ्यासाठी तीन दिवस? मी मॅडमवर चिडलोच होतो. त्यांनी शांतपणे सांगितलं : तीन-चार तास पालथं झोपवलं की डोळ्यातलं प्रेशर चढतं. त्यात बीपी उतरलं तर काचबिंदूनं आधीच कमजोर झालेल्या डोळ्याच्या नसेला रक्त कमी पडतं. म्हणून डोकं हृदयाच्या पातळीखाली जाऊ द्यायचं नाही, डोळ्यावर दाब येत नाही ना हे मधेमधे बघायचं. अँगल क्लोज्ड असेल तर बाहुली मोठी करणारी औषधं जपून द्यावी लागतात. आणि काचबिंदूवरच्या टिमोलॉलच्या थेंबांनी नाडी मंदावू शकते, दमा असेल तर तेही सांगायचं. मग माझा आवाज खाली आला.

ऑपरेशनच्या सकाळी सिस्टर थेंब घालू देईनात. "उपाशी ठेवायचंय." अहो, थेंब डोळ्यात घालायचेत! शेवटी मॅडमना फोन लावला, तेव्हा सहा वाजता थेंब पडले. हे आदल्या दिवशीच फाइलवर लिहून घ्या. बाटली स्वतःच्या खिशात ठेवा, आमची बॅगेसकट कपाटात कुलूपबंद झाली होती. डोळ्यातलं प्रेशर उतरवायच्या डायमॉक्सच्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगा, रक्तातलं पोटॅशियम बघतात.

संध्याकाळी आबांनी चष्मा मागितला, भिंतीवरचं घड्याळ वाचलं आणि ते पुढे आहे म्हणून कुरकुरले.

त्या शिक्क्याचे दोनशे रुपये घेतले होते. पावती ठेवलीय मी.