कोंबडीचे स्नायू, पुण्यातली लॅब आणि माझं प्रोजेक्ट

एम.एस्सी.ला कोंबडीच्या स्नायूंच्या जनुकांवर प्रोजेक्ट घेतलं, तेव्हा आईला वाटलं मी पोल्ट्रीच काढतेय. वाचताना प्रकरण सरळ वाटतं: पॅक्स७ हे जनुक चालू असलेल्या पेशी वाढत राहतात, मायोडी हे दुसरं जनुक त्यांना स्नायूच्या मार्गाला लावतं, मग मायोजेनिन हे तिसरं आलं की त्या विभागणं थांबवून एकमेकींत मिसळतात. मायोस्टॅटिन वाढीला लगाम घालतं.

पहिली अडचण अंड्यांची. दुकानातली चालत नाहीत, फलित लागतात. शहराबाहेरच्या एका हॅचरीतून आणली. "डिकीत नको गं, मांडीवर धर," सरांनी बजावलं होतं. आणल्यावर रुंद टोक वर करून रात्रभर ठेवली, मग ३७.५ अंशाला इन्क्युबेटरमध्ये. पुण्यात गुरुवारी वीज जाणार हे गृहीतच, म्हणून इन्क्युबेटर इन्व्हर्टरवर घेतला होता. अंधारात टॉर्च लावला की कवचाआड लाल शिरांचं जाळं दिसतं. ज्यात दिसलं नाही ती अंडी बाजूला.

पिल्लू २१ दिवसांनी बाहेर येतं, पण आम्ही छातीचा स्नायू साधारण बाराव्या दिवशीच काढायचो. कारण स्नायूतंतूंची संख्या अंड्यातच जवळजवळ ठरून जाते. पुढे ब्रॉयलरची छाती सहा आठवड्यांत फुगते ती तंतू जाड होऊन. सॅटेलाइट पेशी, म्हणजे तंतूंना चिकटून असलेल्या स्नायूच्या मूळपेशी, त्यांना नवी केंद्रकं पुरवत राहतात. खाद्याच्या जाहिराती वाचून असं कधीच वाटत नाही!

खरा घाम काढला फायब्रोब्लास्टनी, म्हणजे स्नायूभोवतीच्या जोड-ऊतींच्या पेशींनी. ट्रिप्सिन हे प्रथिनं तोडणारं विकर देऊन, जाळीतून गाळून पेशी सुट्या केल्या तरी हे पाहुणे सोबत येतातच, आणि वाढतातही भराभर. उपाय साधा: आधी सगळं मिश्रण साध्या प्लेटमध्ये तासभर ठेवायचं. फायब्रोब्लास्ट लवकर चिकटतात, मायोब्लास्ट, म्हणजे आम्हाला हव्या असलेल्या कोवळ्या स्नायूपेशी, बरेचसे तरंगत राहतात. तेवढं वरचं द्रव जिलेटिन लावलेल्या प्लेटमध्ये ओतायचं. पेशी दाटल्या की त्यांच्या खाद्यातलं सीरम (रक्तातलं वाढ करवणारं द्रव) कमी करायचं. त्या ओळीनं लागून लांबुळक्या नळ्या बनतात. काही नळ्या चक्क आपोआप फडफडतात. लॅबमधल्या सगळ्यांना ओढत आणून दाखवलं.

पुढे आरएनए काढणं आणि क्यूपीसीआर, म्हणजे कोणतं जनुक किती चालू आहे ते मोजणं, नेहमीसारखंच. फक्त एक सांगते, तुलनेसाठी एकट्या जीएपीडीएच या नेहमीच्या संदर्भ जनुकावर विसंबू नका. ते ग्लायकोलिसिसचं, म्हणजे साखर फोडून ऊर्जा मिळवण्याच्या प्रक्रियेचं जनुक, आणि छातीचा स्नायू मुख्यतः त्या प्रक्रियेवरच चालतो; पेशी बदलताना हे जनुक स्थिर राहीलच असं नाही. मॅडमनी दुसरं संदर्भ जनुकही लावायला लावलं, तेव्हा मी कुरकुरले होते. व्हायव्हात बाहेरच्या परीक्षकांनी बसल्या बसल्या नेमकं तेच विचारलं.